यामानाकाची पंगत

परदेशी आईला घेऊन निघालेल्या मुलाने व्हिसा, तिकीट आणि लोकरीचे कपडे या तिन्हींच्या आधी एका गोष्टीची काळजी करायची असते. ती तिथे जेवेल काय? आमच्या आईचे वय चौऱ्याहत्तर. लग्नाच्या पंगतीतसुद्धा, कढईत आधी काय तळले होते याची चौकशी केल्याशिवाय पानाला हात न लावणाऱ्या पिढीतली ती. कांदालसूण चालतो, अंड्याचा केक चालत नाही. मी स्वतः कॉलेजच्या वसतिगृहात असताना मासळी खायला शिकलो, आणि ही गोष्ट आईला ठाऊक आहे. परंतु ठाऊक असणे आणि बोलणे या आमच्या घरात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

धाकटी बहीण तोकियोच्या निशिकासाई भागात राहते. त्या बाजूला भारतीयांची वस्ती इतकी, की २०१९ साली एदोगावा विभागाच्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. तिथे तूरडाळ मिळते, हिंग मिळतो, कढीपत्तासुद्धा मिळतो. तेव्हा २०२४ च्या दिवाळीत आम्ही मायलेक तिच्याकडे गेलो तेव्हा पहिले आठ दिवस आईचे काही अडले नाही. अडले ते बहिणीने हट्ट धरल्यावर. "दादा, आईला एक रात्र तरी खऱ्या ऱ्योकानात न्यायचंच. जपानात येऊन वरणभात खाऊन परत जायचं म्हणजे काय?"

ऱ्योकान म्हणजे जपानी धर्तीची पांथशाळा. आणि ती जर ओन्सेनच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या काठी असेल तर तिच्यासारखे सुख नाही, असे जपानी माणूस मानतो. 'उन्हाळे' हा शब्द मी कोकणातल्या अर्थाने वापरतो आहे. राजापूरजवळचे उन्हाळे, दापोलीकडचे उन्हवरे, तुरळ, राजवाडी, इकडे वज्रेश्वरी. गरम पाण्याच्या झऱ्यांना आपणही काही दरिद्री नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे झरा सापडला की लोक शेजारी देऊळ बांधतात. जपान्यांनी देऊळ तर बांधलेच, पण त्याच्या शेजारी मुदपाकखानाही बांधला. यामानाशी प्रांतातले केइउनकान हे विश्रामगृह इ. स. ७०५ पासूनचे म्हणून जगातले सर्वांत जुने गणले जाते. आवाझु येथील होशी हे ७१८ चे सांगतात. पाणी कोणते 'ओन्सेन' म्हणवून घेऊ शकते यासाठी १९४८ चा स्वतंत्र कायदा आहे: उगमापाशी ते किमान २५ अंश सेल्सियस उष्ण तरी असावे, नाहीतर त्यात ठरावीक द्रव्ये तरी असावीत.

आम्ही गेलो ते यामानाकाला. इशिकावा प्रांतात कागा या गावाच्या हद्दीत, डोंगराच्या कुशीत हे ठिकाण आहे. २०२४ च्या मार्चमध्ये होकुरिकु शिनकानसेन हा जलदगती लोहमार्ग त्सुरुगापर्यंत वाढवला गेला, त्यामुळे तोकियोहून कागा ओन्सेन स्थानकापर्यंत तीन तासांच्या आतबाहेर पोहोचता येते. मराठीच्या मास्तराला या जागेचे आकर्षण निराळेच होते. हायकूकार मात्सुओ बाशो १६८९ साली आपल्या प्रसिद्ध पायी प्रवासात येथे येऊन राहिला होता. येथल्या पाण्यावर त्याने जे हायकू लिहिले त्यात शेवंतीचा उल्लेख आहे, म्हणून गावातल्या सार्वजनिक स्नानगृहाचे नाव आजही 'किकु नो यु', म्हणजे शेवंतीचे पाणी. बरोबरचा शिष्य सोरा याला पोटाचे दुखणे लागले आणि दोघांची ताटातूट झाली ती याच गावात. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेले हायकू मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. पण त्या महाकवीच्या यात्रेतही पोट हा विषय निघालाच होता, हे मी विद्यार्थ्यांना कधी सांगितले नव्हते.

विश्रामगृहाचे नाव सांगत नाही. का ते पुढे कळेल. दर माणशी एका रात्रीचा पन्नास हजार येनांच्या घरात, म्हणजे आपले सत्तावीस-अठ्ठावीस हजार रुपये. जपानी पद्धत अशी, की दर खोलीवर नसून माणसावर असतो आणि त्यात रात्रीचे व सकाळचे अशी दोन जेवणे धरलेली असतात. आईला हा आकडा अर्थातच सांगितला नाही. "सरकारी धर्मशाळा आहे," असे बहिणीने ठोकून दिले. सोन्याच्या वर्खाने नटलेला पडदा पाहून आई एवढेच म्हणाली, "सरकार बरंच श्रीमंत दिसतंय."

दाराशी जोडे काढले, दालनात फेसाळ हिरवा चहा आणि वड्या आल्या. मग युकाता नावाचा सुती अंगरखा मिळाला. तो घालताना डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलटे केले तर ते प्रेताचे नेसणे. जेवणाआधी स्नान. सार्वजनिक स्नानगृहात सर्वांनी दिगंबर उतरायचे असते हे ऐकून आईने हात जोडले. परंतु आमच्या खोलीला जोडूनच सुगंधी लाकडाचे न्हाणीकुंड होते, खाली ओढ्याचा आवाज आणि समोर लाल झालेले मेपल वृक्ष. अर्ध्या तासाने आई बाहेर आली आणि म्हणाली, "गुडघे माझेच आहेत ना, बघते आहे."

सहा वाजता जेवण. ते खोलीतच वाढतात. वाढायला येते तिला नाकाई म्हणतात. आमची नाकाई पन्नाशीची, ठेंगणी, फिकट जांभळ्या किमोनोतली बाई. सरकते दार ती उभ्याने उघडत नसे. बाहेर गुडघ्यांवर बसायची, दार थोडे सरकवायची, मग पूर्ण सरकवायची, नमस्कार करायची, आत येऊन पुन्हा बसून दार लावायची. एका जेवणात हे दहा-बारा वेळा. आई पहिल्यापासून अस्वस्थ होती. जन्मभर पंक्तीला वाढून स्वतः शेवटी बसलेली बाई ती. कुणीतरी गुडघे टेकून तिच्यापुढे वाटी ठेवते आहे हे तिला झेपेना. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "अगं, तिला विचार, ती कधी जेवते." बहिणीने विचारले. साडेनऊला, असे उत्तर आले. आईने मान हलवली. त्या वेळेचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायला नको होता.

या जेवणाला काइसेकी म्हणतात. भाषेच्या माणसाला गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे एकाच उच्चाराचे हे दोन निराळे शब्द आहेत. एकाचा अर्थ 'उराशी धरलेला दगड'. भूक मारण्यासाठी झेन भिक्षू ऊन केलेला दगड पोटाशी धरत, त्यावरून चहाच्या समारंभाआधीच्या अगदी साध्या जेवणाला हे नाव पडले. सेन नो रिक्यु (१५२२–१५९१) या चहाच्या महागुरूचे वळण त्यामागे आहे. दुसऱ्या काइसेकीचा अर्थ 'बैठक'. मित्रमंडळी जमून साके पीत पीत चाखायचे ते भोजन. विश्रामगृहात मिळते ते हे दुसरे. पण पहिल्याची शिस्त त्यात मुरलेली आहे. ऋतू ओळखायचा, थोडे वाढायचे, आणि एकच पाकक्रिया दोनदा करायची नाही. कच्चे, उकडलेले, भाजलेले, तळलेले, वाफवलेले असे एकेक होऊन जाते. हाताने लिहिलेला पदार्थांचा कागद प्रत्येकापुढे होता. माझा वेगळा, आईचा वेगळा. आईच्या कागदावर वर बारीक अक्षरात लिहिले होते, 'मासे नाहीत, मांस नाही, अंडी नाहीत.' बहिणीने तीन आठवडे आधी कळवले होते.

आपल्याकडे पंक्तिप्रपंच हे पाप. एकाच पंक्तीत एकाला तूप नि एकाला नाही, असे चालत नाही. येथे तर उघड प्रपंच होता, पण तो असा की कुणाला कमी वाटू नये. सुरुवातीला दोघांनाही एकच वाटी: पिकल्या काकी फळाच्या फोडी, तीळ आणि कुस्करलेला तोफू लावून. मग झाकणाच्या लाखेरी वाट्या. यामानाका हे लाखेच्या भांड्यांचे गाव. लाकूड कातून भांडे घडवण्यात येथल्या कारागिरांचा हात धरणारा नाही. वाटी हातात घेतली की सावंतवाडीच्या कातारकामाची आठवण होते. पण ही कागदासारखी पातळ. झाकण काढताच युझु या लिंबाच्या जातीच्या फळाचा वास. माझ्या वाटीत माशाचा मऊ गोळा, आईच्या वाटीत तिळाचा तोफू. मग मला समुद्राची गोड कोळंबी आणि बुरी माशाचे कच्चे काप. आईला युबा, म्हणजे सोयाबीनच्या दुधावर धरलेली साय, तशाच गुंडाळ्या करून, तशाच हिरव्या पानावर. मग मला निखाऱ्यावरचा खेकडा. नोव्हेंबरच्या सहा तारखेला या समुद्रातला हिवाळी खेकड्याचा हंगाम खुला होतो आणि सारा प्रांत त्याची वाट पाहत असतो. आईला निखाऱ्यावरच कागा भागातले कमळाचे कंद आणि गोरोजिमाची रताळी. रताळे तिने पुन्हा मागितले असते, पण येथे 'आणखी वाढू का' हा प्रश्न नसतो. आग्रह नाही, ही एकच उणीव तिला जाणवली.

भांड्यांचे सांगायला हवे. जवळच्याच यामाशिरो ओन्सेनला १९१५ साली रोसानजिन नावाचा एक तरुण विश्रामगृहांच्या पाट्या कोरायला आला होता. मातीकाम तो येथेच शिकला, आणि पुढे जपानातला नामांकित कुंभार व खवय्या झाला. भांडे हा अन्नाचा किमोनो, असे तो मानत असे. आमच्यापुढे आलेल्या चौदा-पंधरा भांड्यांत एकासारखे दुसरे नव्हते.

शिवाय बसवण्याचे नियम. भाताची वाटी डावीकडे, सूप उजवीकडे. उलट मांडले तर ते अशुभ. आईला हे एकदम पटले. ज्यांच्या पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे नसेल ते घर बिघडले, असे ती आजही समजते. काड्या भातात उभ्या रोवायच्या नाहीत, कारण तो मृताचा भात. एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. बहीण हे सांगत असताना मला वाटले, आई अशुभ बोलण्याबद्दल रागावेल. ती म्हणाली, "म्हणजे यांच्याकडेही अस्थी वेचतात. मग माणसं आपल्यासारखीच."

आता जे घडले ते सांगतो.

पाचवी खेप शिजवलेल्या पदार्थाची होती. मला जिबुनी, म्हणजे कानाझावाकडचा बदकाचा दाट रस्सा. आईला शलगम, मेपलच्या पानासारखे कापलेले गाजर आणि 'फु', म्हणजे गव्हाच्या चिकाच्या रेघारेघांच्या वड्या. आईने दोन वड्या खाल्ल्या आणि म्हणाली, "सांडग्यांसारखं आहे की रे. पण चव किती खोल आहे!" तिसरी वडी ती उचलणार तोच दार सरकले. नाकाई आली ती रिकाम्या हाताने. दाराशीच बसली, दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ हातांना लावून काहीतरी बोलली. बहिणीचा चेहरा उतरला.

"काय झालं? काय म्हणते ती?" आईने विचारले.

बहिणीने माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात असले काम थोरल्या मुलाचे. ती हलक्या आवाजात मला म्हणाली, "फु सकाळी मोठ्या पातेल्यात शिजवला होता. दाशीत."

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पाया, आपल्या फोडणीइतका मूळचा. कोम्बु नावाचे समुद्रशेवाळ आणि कात्सुओबुशी यांचा तो काढा. कात्सुओ हा टुनाच्या जातीचा मासा. तो उकडून, धुरी देऊन, बुरशी चढवून, महिनोन् महिने वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि सुताराच्या रंध्यासारख्या हत्याराने त्याचे ढलपे काढतात. पाण्यात ते क्षणभर ठेवून गाळून घेतले की मासा उरत नाही, चव उरते. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोम्बुतली ही चव ग्लुटामेटची आहे हे शोधले आणि तिला 'उमामी' नाव दिले. १९१३ साली शिंतारो कोदामा याने कात्सुओबुशीतले द्रव्य ओळखले. दोन्ही एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. आपल्या मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय या षड्रसांत तिला जागा नाही. पण आईच्या जिभेने तिला 'खोल' म्हणून बरोबर ओळखले होते.

आणि जपानी मनाला दाशी हा 'मासा' वाटत नाही. इ. स. ६७५ मध्ये तेम्मु सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातले काही महिने वर्ज्य केले, त्यात मासा नव्हता. पुढे शतकानुशतके चतुष्पादांचे मांस चोरून खाण्याची गोष्ट राहिली. मेजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे १८७२ साली जाहीर झाले तेव्हा कुठे तो बांध फुटला. पण मासा सदैव ताटातच होता, भाजीइतका निर्दोष. म्हणून जपानात जाणाऱ्या शाकाहारी माणसाने 'मासा नको' म्हणून भागत नाही. 'माशाची दाशी नको' हे वेगळे सांगावे लागते. बहिणीने तेही सांगितले होते. आईसाठी कोम्बु आणि शिताके अळिंबीची दाशी वेगळी केलेली होती. चुकला तो एवढा एकच जिन्नस.

मी कबूल करतो की माझ्या तोंडाशी एक वाक्य तयार होते. "ती विचारते आहे, चव आवडली का?" बस्स. आईला कळण्याचा मार्ग नव्हता. बहिणीने महिनाभर मनात धरलेला बेत मोडला नसता. ज्याचा चरितार्थ शब्दांवर चालतो त्याला एक वाक्य बदलायला कितीसा वेळ लागतो? पण ती बाई अजून मान वर करत नव्हती. खरे पाहता तिनेही येऊन सांगायचे कारण नव्हते. पातेले फक्त मुदपाकखान्याला ठाऊक होते. आणि ती जे शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, 'मोशिवाके गोझाइमासेन', त्यांचा अर्थ मला ठाऊक होता. आपण त्याचे भाषांतर 'क्षमा करा' असे करतो. शब्दशः अर्थ, 'सांगायला माझ्याकडे सबब नाही.'

तिच्याकडे सबब नव्हती आणि माझ्याकडे तयार होती.

मी आईला सगळे सांगितले. माशाच्या पाण्यात शिजले होते, चुकून. आत्ता लक्षात आले.

आईने काड्या खाली ठेवल्या. काही न बोलता उठली, न्हाणीत गेली, चूळ भरल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, पुष्कळदा. आम्ही तिघे ओढ्याचा आवाज ऐकत बसलो. ती परत आली ती पदराने तोंड पुसत. "आधी तिला उठव," ती म्हणाली. नाकाई उठून बसली. मग आई तिच्याकडेच पाहून, मराठीतच बोलली. बहीण मागोमाग जपानीत सांगत होती.

"माझ्या आयुष्यात मला कुणी असं येऊन सांगितलं नाही बाई. आमच्याकडे विचारायला गेलं तरी 'सगळं शुद्ध आहे हो काकू' एवढंच ऐकत आले. तू सांगितलंस. पण आता यातलं मी पुढे काही खाणार नाही. साधा भात असेल तर दे, आणि मीठ."

दहा मिनिटांनी स्वतः मुख्य आचारी आला, डोक्यावरची टोपी हातात धरून. त्याने एका तबकात वाळलेल्या कोम्बुची पट्टी आणि शिताके आणले होते. हीच दाशी आहे, बघा, असे म्हणून ते आईपुढे ठेवले. आईने शेवाळाची पट्टी हातात घेतली, वास घेतला, नखाने खरवडून पाहिली, जणू मंडईत हळकुंड पारखते आहे. शिताके पाहून मला दोगेनची आठवण झाली. दोगेन (१२००–१२५३) हा जपानातल्या सोतो झेन पंथाचा संस्थापक. १२२३ मध्ये तो चीनला गेला तेव्हा जपानी अळिंबी विकत घ्यायला एक म्हातारा मठाचारी त्याच्या गलबतावर आला होता. पुढे एका मठात भर उन्हात अळिंबी वाळवत बसलेला दुसरा वृद्ध आचारी त्याला भेटला. हे काम दुसऱ्या कुणाला का सांगत नाही, असे दोगेनने विचारले. दुसऱ्याने केलेले माझे कसे होईल, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. त्या दोन आचाऱ्यांकडून आपण धर्म शिकलो, असे दोगेनने मानले आणि १२३७ साली मठाच्या आचाऱ्यासाठी 'तेन्झो क्योकुन' हा ग्रंथ लिहिला. जपानी शाकाहाराची, शोजिन भोजनाची, परंपरा या मठांतली. त्या मठांतल्या मुदपाकखान्याचा रक्षक कोण असावा? इदातेन, म्हणजे आपला स्कंद, कार्तिकस्वामी! ज्याच्या दर्शनाला परंपरेने आपल्या बायकांना कार्तिकातल्या कृत्तिकायोगाशिवाय मज्जाव, तो तिथे चुलीपाशी उभा. आईला हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "बरं झालं. बाहेर उभा राहून काय करायचं होतं त्याला?"

भात आला. या जेवणात भात शेवटी येतो. तो आला की पाहुण्याने समजायचे, आता संपले. सोबत कोम्बुच्या दाशीतले मिसो सूप आणि मिठातला मुळा. आईने पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. "तांदूळ चांगला आहे. तूप असतं तर—" एवढे बोलून ती थांबली आणि वाटी रिकामी केली. 'शारी' हा सुशीच्या भाताला वापरायचा शब्द आपल्या 'शरीर' शब्दावरून गेला आहे. बुद्धाच्या अस्थिकणांना तो म्हणत आणि भाताचे पांढरे दाणे तसे दिसतात. हे मी तिला सांगणार होतो. त्या वेळी सांगितले नाही.

रात्री चटईवर गाद्या घातल्या. दिवा मालवल्यावर बराच वेळाने आई म्हणाली, "तू सांगणार नव्हतास ना?"

मी काही बोललो नाही.

"वसतिगृहातल्या मासळीचं मला तुझ्या मित्राच्या आईकडून कळलं. तू सांगितलं असतंस तर मी दोन दिवस रागावले असते. एवढंच झालं असतं रे." थोड्या वेळाने म्हणाली, "झोप आता. ती बाई साडेनऊला जेवली असेल का?"

सकाळचे जेवणही मोठे: भाजलेला मासा, गुंडाळलेले अंडे, गरम तोफू, खारवलेले उमे, नोरी, भात. आईने त्यातले काही घेतले नाही. कुणाला न सांगता तिने उपास धरला होता. फळे खाल्ली आणि चहाच्या देठांचा भाजका चहा दोन पेले प्याली. प्रायश्चित्त म्हणावे तर चेहऱ्यावर त्याची खूण नव्हती. नाकाईला मात्र ते कळले असावे. ती फळांची दुसरी वाटी न मागता घेऊन आली. आग्रह नाही, ही आईची तक्रार त्या वाटीने भागली.

निघताना आईने पिशवीतून एक डबा काढला. बहिणीसाठी नेलेल्या फराळातले बेसनाचे लाडू त्यात होते. मग तिने नाकाईची विचारपूस सुरू केली. घर कुठले, घरी कोण कोण. नाकाई नोतो द्वीपकल्पातल्या वाजिमाची निघाली. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात घर पडले. कागाच्या विश्रामगृहांनी तेव्हा निर्वासितांना खोल्या उघडून दिल्या होत्या. सासूला घेऊन ती अशीच येथे आली, काही महिने पाहुणी म्हणून राहिली आणि मग येथेच कामाला लागली. कालच्याच एका खोलीत तिने सासूबरोबर दिवस काढले होते. तेव्हा ताटात भात, सूप आणि एक भाजी असे. पण दार असेच बसून उघडत, असे ती म्हणाली.

"सासूचं वय काय?" आईने विचारले. शहाऐंशी. "दात आहेत? लाडू मऊ आहेत म्हणावं." डबा पुढे करता करता आईने हात आखडला आणि बहिणीला म्हणाली, "थांब. आधी विचार, त्यांच्याकडे काय चालत नाही."

सासूला सोबा, म्हणजे एका जातीचे कुट्टूचे पीठ, सोसत नव्हते. अंगावर गांध्या उठत. आईने मग बोटे मोजत एकेक जिन्नस सांगायला सुरुवात केली. हरभऱ्याची डाळ. साजूक तूप. साखर. वेलची. बेदाणा. बहीण जपानीत सांगत होती, आणि नाकाई दाराशी बसून प्रत्येक शब्द तिच्या मागून म्हणत, मान हलवत, पाठ करत होती.